साठची गाडी

"साठ म्हंजे साठ," असं म्हणून आपा समोरच्या टेबलावर हाताचा पंजा पालथा ठेवायच्या. एकदा तो पंजा टेबलावर पडला की ती गोष्ट तिथेच संपली, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

अकोल्याला जठारपेठेत माझी मोटार ड्रायव्हिंग शाळा होती. शाळा म्हणजे एक गाळा, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि एक जुनी मोटार. गाडी शिकून झाली की प्रत्येक जण हमखास विचारी, "मास्तर, गाडी केवढ्याची घ्यावी?" तुम्हीही कधी तरी कुणाला हे विचारलं असेल. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं, त्याला फक्त कुणीतरी मान डोलवायला हवं असतं. मी डोलवत असे. आपांनी मात्र पहिल्याच दिवशी साठ हजार हा आकडा सांगितला आणि माझी मान डोलली की नाही, ते पाहिलंसुद्धा नाही.

त्या बाळापूरहून सकाळच्या एसटीने येत. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. काळ्या ओढणीवर कापसाचे बारीक पांढरे धागे चिकटलेले असत आणि बोलताना मधूनच कोरडा खोकला येई. नवऱ्याचं कापूस पिंजायचं दुकान होतं, गाद्या, रजया, लोड भरून देण्याचं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा लोकांना वाटलं, दुकान आता दीर घेईल. शेजारीच त्याचं कापडाचं दुकान होतं आणि त्याला जागा हवीच होती. नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपांनी शटर उचललं आणि मशीन सुरू केलं. मूलबाळ नव्हतं. सगळं गाव त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावातल्या शेतकऱ्याची बातमी छापून येई आणि आपण ते गाव आपल्या ओळखीचं नाही ना, एवढं पाहून पान उलटत असू. लग्नं उरकल्यासारखी होत. जिथे मुलीला सहा गाद्या दिल्या जात, तिथे दोनच दिल्या जाऊ लागल्या. जुनी गादी बाळापूरला आणून पिंजून न्यायची तर एसटीच्या टपावर टाकावी लागे, आणि तेवढं करण्याचं कुणाच्या मनात उरलं नव्हतं. आपांच्या दुकानात दिवसचे दिवस मशीन बंद राही.

"लोक येत नाहीत तं मशीन जाईन लोकाइकडं," त्या मला म्हणाल्या. मशीन टेम्पोत बसवायचं, गावात दिवसा लाइट नसते म्हणून सोबत डिझेलचं छोटं इंजिन, आणि गाडी त्या स्वतः चालवणार. ड्रायव्हर ठेवला तर कमाई त्याच्याच खिशात जाईल, हा त्यांचा सरळ हिशेब होता. साठचा आकडाही तसाच काढलेला. दोन हिवाळ्यांत मशीन जेवढं कमावून देऊ शकतं तेवढीच गाडीची किंमत. त्याच्यावर एक रुपया नाही. तेवढी रक्कम त्यांच्याजवळ होती आणि ती कुठून आली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शिकताना त्या स्टिअरिंग असं घट्ट धरत की जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे. हॉर्न वाजवणं त्यांना आवडायचं नाही. रस्त्यात म्हैस आडवी आली की गाडी थांबवून, काच खाली करून त्या म्हशीला चार शब्द सुनावत, आणि आश्चर्य म्हणजे म्हैस बाजूला होई. टेम्पोचं लायसन्स हवं तर आधी वर्षभर साध्या मोटारीचं असावं लागतं, हे मी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता या येणार नाहीत. त्यांनी मोटारीचं लायसन्स काढलं आणि ते वर्ष गाडी शोधण्यात घालवलं.

त्या वर्षात मी त्यांच्यासोबत किती गाड्या पाहिल्या, सांगता येणार नाही. एकदा मीच आग्रहाने त्यांना अकोल्यातल्या एका शोरूमला नेलं. माझं म्हणणं होतं की जुनी गाडी रोज दवाखाना मागते, त्यापेक्षा नवी घ्या. टाय लावलेल्या तरुण विक्रेत्याने आम्हाला थंड पाणी दिलं, टेम्पोचं दार उघडून दाखवलं, आणि आत्ता फक्त वीस हजार भरा, बाकीचं महिन्या-महिन्याला, असं हसून सांगितलं. आपांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् पाऊस नाही आला तं हप्ता कमी होते का?"

तो मुलगा पुन्हा हसला. आपा हसल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या. त्याने माहितीपत्रक पुढे केलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास परत केला आणि आम्ही बाहेर आलो.

त्याआधी, आपा अजून शिकत होत्या तेव्हा, एके दुपारी त्यांचे दीर माझ्या गाळ्यात आले. सभ्य माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तुमी तिले शिकवू नका. बाईमाणूस खेड्यापाड्यानं टेम्पो चालवत फिरन, हे आमच्या घरात चालत नाही. मी तिले महिन्याला खर्च देतो म्हणलं, थे ऐकत नाही." त्यांच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती, हे आज मला कबूल करायला हवं. मी काही तरी गुळमुळीत बोललो. पुढच्या वेळी आपा आल्या तेव्हा ही गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी आरसा नीट केला, पट्टा लावला. "थे मले खर्च देतीन," त्या म्हणाल्या, "मंग मी उठू केव्हा, बसू केव्हा, हेही थेच सांगतीन. चला, रिव्हर्स शिकवा."

बडनेऱ्याला स्टेशनजवळ एका फायनान्सवाल्याचं यार्ड होतं. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या तिथे गवतात उभ्या असत. तिथे एक चारचाकी टेम्पो आहे असं मला कळलं. आम्ही गेलो. गाडी खरोखर बरी होती. टायर चांगले, बॉडी सरळ, इंजिन एका चावीत सुरू झालं. मॅनेजर सत्तर म्हणाला आणि थोड्या बोलाचालीनंतर साठवर आला. वर्षभराच्या पायपिटीनंतर नेमका तो आकडा ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे हात पुढे केला. आपा मात्र गाडीभोवती फिरत होत्या. दारावर कुणा मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं, खाली गावाचं नाव, 'धामणगाव रेल्वे'.

"परवा सांगते," त्या मॅनेजरला म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, धामणगावची गाडी कितीक वाजता हाये?"

मी वैतागलो. ज्याची गाडी ओढून नेली त्याच्या दारात जाऊन काय बोलणार? शिव्या खाव्या लागतील. आपा स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या होत्या. मीही गेलो. पॅसेंजरमध्ये त्या खिडकीशी बसून राहिल्या.

मंडपवाल्याचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात बांबूंचा ढीग होता, पडवीत कनातीच्या घड्या प्लास्टिकने झाकलेल्या होत्या. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली. आता दुसऱ्याच्या मंडपावर रोजाने जातो म्हणाला. लोक दारातच चार खुर्च्या टाकून लग्न लावतात, मंडप कोण घेतो? आपा बाजेवर टेकल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"तुमची गाडी बडनेऱ्याच्या यार्डात उभी हाये. मी पाहून आली. घेऊ का, हे विचाराले आली."

"मले काहून विचारता?" तो म्हणाला. "ते गाडी आता माही नाही."

"चालवली तं तुमीच ना. तिच्या पोटात काय हाये, थे यार्डवाल्याले काय मालूम?"

त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी मनातल्या मनात परतीच्या गाडीची वेळ आठवू लागलो होतो. मग तो माणूस बोलायला लागला आणि थांबेचना. चढावर दुसरा गिअर सुटतो, दांडा हाताने धरून ठेवावा लागतो. रेडिएटर मागच्या बाजूने झिरपतो, यार्डात उभी आहे म्हणून दिसत नाही. मागच्या उजव्या चाकाचा आवाज येतो, पण त्याला घाबरू नका, तो पहिल्या दिवसापासून आहे. साठ देऊ नका बाई, पन्नासच्या वर जाऊ नका. एवढं सांगून तो आत गेला आणि एक चाक घरंगळवत घेऊन आला. दुसऱ्या हातात जॅक आणि पान्यांची पिशवी होती. गाडी न्यायला माणसं आली त्या सकाळी त्याने ही स्टेपनी कडब्यात लपवली होती आणि स्टेपनी नाहीच म्हणून सांगितलं होतं. सांगताना त्या दिवसात पहिल्यांदा तो थोडा हसला.

दोन दिवसांनी आपा यार्डात पन्नास हजार घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणाला, साठ ठरले होते. आपांनी त्याला गिअर सांगितला, रेडिएटर सांगितला, आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी फतकल मारून बसल्या. दुपारी तिथेच डबा सोडून त्यांनी मला अर्धी भाकरी दिली. दुसरी गिऱ्हाइकं आली तर त्यांनाही त्या गिअरचं सांगत. चार वाजता मॅनेजरने कागद बाहेर काढले.

उरलेले दहा त्यांनी धामणगावला जाऊन त्या मंडपवाल्याच्या हातात ठेवले. तो घेईना. मलाही ते पटलं नव्हतं. एका जुन्या चाकाचे आणि जॅकचे दहा हजार कोण देतं, असं मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा.

"मास्तर, गाडी साठचीच हाये," त्या म्हणाल्या. "पन्नासची यार्डात उभी होती, दहाची इथी."

टेम्पोचं लायसन्स तोवर निघालं होतं, बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत गाडी त्यांनीच आणली. चढ आला की डावा हात गिअरच्या दांड्यावर. मी शेजारी बसून होतो आणि पहिल्यांदाच माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता. बाळापुरात शिरलो तेव्हा दिरांनी आम्हाला दुरून पाहिलं आणि आपल्या दुकानाचं शटर ओढून घेतलं. आपांनी टेम्पो बरोबर त्या शटरपुढे आणून उभा केला आणि तिथेच दोन दिवस मशीन बसवण्याचं काम चाललं. तिसऱ्या दिवशी दिरांना धंद्यासाठी शटर उघडावंच लागलं. पुढच्या वर्षी आपल्या दुकानाच्या खेड्यातल्या ऑर्डरीच्या चादरी ते स्वतःच टेम्पोत आणून ठेवत, अर्थात वहिनीशी एक शब्द न बोलता.

एकदा मी त्यांच्यासोबत एका गावाला गेलो होतो. पारापाशी टेम्पोतलं मशीन सुरू होतं, बायका गाद्या घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच उशिरा एक तरुण बाई गादी डोक्यावर घेऊन आली आणि सगळ्यांपासून लांब ठेवून उभी राहिली. बाकीच्या बायकांनी आपापल्या गाद्या जवळ ओढल्या. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी गेला होता, कसा गेला हे त्या वर्षांत कुणाला विचारावं लागत नसे. गादी त्याची होती. सासू म्हणते जाळून टाक, पण घरात दुसरं अंथरूण नाही, एवढंच ती म्हणाली. कुणीतरी म्हातारी पुटपुटली की असली गादी मशीनवर घेऊ नये, बाकीच्यांच्याही कापसाला लागतं.

आपांनी स्वतः जाऊन ती गादी उचलली, खोळ उसवली आणि कापूस मशीनमध्ये टाकायला सुरुवात केली. "कापसाचा काय गुन्हा हाये?" त्या मोठ्याने म्हणाल्या, साऱ्या पाराला ऐकू जाईल असं. "ज्याले चालत नसन त्यानं आपली गादी उचलून न्यावी." कुणीही उचलली नाही. तो कापूस फुलून वर आला तेव्हा नव्यासारखा दिसत होता. त्यातून त्यांनी दोन लहान गाद्या भरल्या, तिच्या पोरांच्या मापाच्या, नव्या खोळीत.

पाचेक हिवाळे आपांनी ती गाडी चालवली. खोकला वाढत गेला. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर म्हणत, बांधल्यावर दम लागते. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस होत्या म्हणे. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं, ते त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याच्या महिनाभर आधी, बाळापूर रस्त्यावर. मी एका नव्या विद्यार्थ्याला शिकवत होतो. टेम्पो कडेला उभा होता, बॉनेट उघडं, आणि आपा पाना घेऊन आत वाकलेल्या. मी गाडी थांबवून म्हटलं, मी बघतो, नाहीतर दोर लावून अकोल्यापर्यंत ओढून नेतो. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुमी तुमचं शिकवा मास्तर. हिचं मले मालूम हाये." विद्यार्थी नवखा होता, आम्ही तीसच्या वेगाने निघालो. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मागून कर्कश हॉर्न ऐकू आला आणि तो टेम्पो आमच्या उजवीकडून पुढे निघाला, टपावर दोरखंडाने आवळलेल्या लाल खोळीच्या गाद्या, खिडकीबाहेर फडफडणारी काळी ओढणी. माझ्या विद्यार्थ्याने घाबरून ब्रेक दाबला आणि आमची गाडी भर रस्त्यात बंद पडली. ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपा वळणापलीकडे गेल्या होत्या.