भिंगाला बोट लावायचं नाही

कोकण किनाऱ्यावरच्या एका दीपगृहावर मी नोकरीला लागलो, तेव्हा वरिष्ठांनी पहिला नियम सांगितला: दिव्याच्या भिंगाला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा उमटतो आणि तेवढ्या जागी उजेड अडतो. पुसायचं ते सुती कापडानेच, वरून खाली, घाई न करता.

ते कापड मी भिवंडीहून न्यायचो. कामतघरला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बायको नारपोलीच्या लूमवाल्यांकडून कोऱ्या कापडाचे तुकडे आणायची, खळ जाईपर्यंत उकळायची, चौकोनी कापून कडा शिवायची. दर रजेला चाळीस तुकडे. "माझ्या सवतीची लुगडी तयार आहेत," दिव्यावरून मला चिडवत म्हणायची.

ऐंशीच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं त्या काचेपाशी गेली. घरी सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना व्हायची. तिथे मी एकटाच. हळूहळू पुसणं हीच माझी वंदना झाली. समुद्रातून कोण चाललंय मला ठाऊक नाही, त्याला मी ठाऊक नाही, तरी त्याच्यासाठी काच स्वच्छ ठेवायची. धम्मात सगळ्यांविषयीची मैत्री म्हणतात ती हीच, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

नव्वदनंतर बायकोला क्षय झाला. औषधं एकदा मधेच सुटली, दुसऱ्यांदा लागू पडेनात. मी लांब रजा काढून आलो. भिंतीवर कागद लावला: ताप, गोळ्या, पेज, अंग पुसणं, चादर. एकही वेळ चुकवली नाही. कपाळ पुसायचं, पाठ पुसायची, मान उचलून पेला धरायचा. प्रत्येक वेळी हातात तिनेच शिवलेलं कापड. जपायच्या वस्तूला हात लावायची मला तेवढी एकच रीत येत होती. आपण काही वेगळं करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी तिची थोरली बहीण दापोड्याहून आली. दुपारी तिने मला दारासमोरच्या नळापाशी गाठलं. शेजारच्या लूमच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागायचं.

"भावोजी, तिची किळस येते का तुम्हाला?"

"काय बोलताय ताई?"

"मंग मधी कापड कशाला? भांडी पुसताय का? ती रडत हाय आत. म्हणते, रोग लागंल म्हणून हात लावत न्हाय."

बादली तिथेच सोडून आत गेलो. तिच्या गालावर हात ठेवला. चटका बसला. तिने डोळे उघडले, आधी माझा हात बघितला, मग मला.

"ताईने सांगितलं ना?"

मी भिंगाचं सांगितलं. ठसा, उजेड, वरिष्ठांचा नियम, सगळं. बोलता बोलता ते मलाच सबबीसारखं वाटायला लागलं.

"असू दे हो," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या."

मी धुतले नाहीत. त्यानंतर ती आठ दिवस होती. आठही दिवस मी सगळं उघड्या हातांनी केलं. हात लावला की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, बहिणीने सांगितलं म्हणून करतोय का, हे शोधत. तिला काय दिसलं, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.