ए वनपुरतं बोलणं

बायको नर्स म्हणून जर्मनीला गेली तेव्हा तिची जर्मन बी टू होती आणि माझी शून्य. जर्मन भाषेच्या परीक्षेच्या सहा पायऱ्या, त्यातली ए वन सगळ्यात खालची, बी टू चौथी. नवऱ्याला तिकडे यायचं तर निदान तेवढी पास व्हायला हवी, असं तिने व्हिसाचे कागद वाचून सांगितलं.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात क्लार्क. ड्यूटी सुटली की स्कूटरवर शहरात कॉलेज रोडच्या जर्मनच्या क्लासला जायचो. वर्गात सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. संवादासाठी जोड्या लावल्या की मी उरायचो, मग मॅडमच माझ्यासमोर बसायच्या. तुम्ही कुठे राहता, कोणाबरोबर राहता, असे प्रश्न असायचे. ‘एकटा’ हा शब्द मला फार लवकर पाठ झाला.

सराव व्हावा म्हणून बायकोने रविवारच्या फोनवर मराठी बंद केली. पण ए वनमध्ये माणूस सांगणार किती? काय जेवलो, किती वाजले, बाहेर ऊन आहे की पाऊस. तिची वाक्यं लांबत गेली, माझी तेवढीच राहिली. पाच मिनिटांत फोन संपायचा.

सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. क्वार्टरमध्ये पडून होतो, शेजारच्या वहिनी पेज आणून द्यायच्या. रविवारी तिने जर्मनमध्ये विचारलं, कसे आहात? अशक्तपणाला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. भीती वाटते, हेही येत नव्हतं. मी ‘गुट’ म्हणालो. म्हणजे छान.

वहिनींनीच तिला मेसेज केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, मराठीत.

“मला का नाही सांगितलंत?”

“शब्द नव्हते.”

“मग मराठीत सांगायचं ना.”

“तूच बंद केली होतीस.”

 ती रडायला लागली. तिला समजवायला मला मराठीतही धड काही सुचेना.

डिसेंबरात पुण्याला जाऊन परीक्षा दिली. पास झालो, ऐकण्याच्या भागात काठावर. आता आम्ही पुन्हा मराठीत बोलतो. बोलताना ती मध्येच अडते, मराठी शब्द शोधते आणि नाही सापडला तर जर्मन शब्द टाकून पुढे जाते. मी थांबवत नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अजून आलेली नाही.