भिंतीपलीकडची ताई

आमच्या शेजारणीच्या सासऱ्यांइतकी अमेरिका खुद्द अमेरिकेलाही ठाऊक नसेल; आणि गंमत अशी, की त्यांनी ती कधी पाहिलेलीच नव्हती. नागपूरला विजेच्या खात्यात उभा जन्म काढलेले हे अप्पा २०२०च्या मार्चात आयर्लंडमध्ये गॉलवेला मुलाकडे चार दिवसांसाठी उतरले. पुढे बोस्टनला थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. ताई आजारी, एकट्या; भावाबहिणीची भेट होऊन अकरा वर्षं झालेली. तेवढ्यात जगाची दारं बंद झाली आणि अप्पा अर्ध्या वाटेवर, आमच्या गल्लीत अडकले.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर समुद्रावर फिरायला जायचो, मध्ये दोन मीटर अंतर ठेवून. डोक्याला माकडटोपी, हातात छत्री. इथल्या वाऱ्यानं दोन मोडल्यापासून ही तिसरी ते पावसातही उघडत नसत. राष्ट्राध्यक्ष, लढाया त्यांच्या लेखी किरकोळ. "ते तं शाळेतले पोट्टेही सांगतीन!" त्यांची अमेरिका निराळीच. तिथल्या लष्करानं म्हणे टेक्सासच्या रुक्ष मुलखासाठी जहाजातून उंट आणवले होते, आणि बोस्टनच्या रस्त्यांतून एकदा काकवीचा पूर धावला होता. अप्पा सांगायला लागले म्हणजे धुक्यातून उंट पाण्यावर चालत येताना मला खरोखर दिसायचे. सगळ्यात लाडकी गोष्ट बर्फाची. बोस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ कापायचे, लाकडाच्या भुशात बांधायचे आणि चार महिन्यांनी तो जहाजानं मुंबईला उतरायचा. "बर्फ पोचे बाप्पा, अन् मले विमान भेटून नाही राह्यलं!"

सॉल्टहिलला, म्हणजे आमच्या त्या समुद्रकाठी, फिरणाऱ्यांची एक रीत आहे. टोकाच्या भिंतीला लाथ मारायची आणि मागं वळायचं. अप्पा मात्र भिंतीला हात लावून तो कपाळाला लावत. रोज तिथं येणाऱ्या एका आयरिश आजीबाईंना अखेर राहवेना.

"यू हॅव टु किक इट, लव्ह!"

"नो, मॅडम." अप्पांनी समुद्राकडे बोट केलं. "माय एल्डर सिस्टर इज दॅट साइड."

आजीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "अह, ग्रँड सो," म्हणजे बरं तर मग, म्हणाल्या आणि हळूच लाथ मारून गेल्याच.

मग अप्पा तिथूनच ताईंना फोन लावत. रोज एक गोष्ट. चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या ताईंना त्यातली एकही ठाऊक नसे. उंटांवर तर त्या इतक्या हसल्या, की मला दोन मीटरांवर ऐकू आलं. विमानाचा विषय मात्र दोघंही काढत नसत.

पुढच्या वसंतात ताई गेल्या. विमान मिळालं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी फिरायला बोलावलं नाही, तर अप्पाच दारात, माकडटोपी घालून. भिंतीशी त्यांनी सवयीनं खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. मग हात भिंतीवर टेकवून समुद्राकडे बघत बर्फाची गोष्ट सांगू लागले, पहिल्यापासून. शेवटी थांबून म्हणाले, "वाटेत बराचसा वितळे, ताई. पण पोचे."

आजीबाई लांब थांबल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. "सॉरी फॉर युअर ट्रबल," इथं कुणी गेलं की म्हणतात तेवढंच म्हणून त्या पुढं आल्या, हातमोजा काढला आणि भिंतीला हात लावून निघून गेल्या.

अप्पा नागपूरला परतले. मी अजून त्या भिंतीपर्यंत जातो. लाथ मात्र मारवत नाही.