वाचता येईल अशी रेघ

हवेत बोटाने आडवी रेघ ओढायची आणि म्हणायचं, "खारीज!" रत्नागिरीच्या कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू. चहा पाणचट? खारीज! छत्री हरवली? खारीज! एकदा त्यांनी स्वतःच्या शिंकेवरही रेघ मारली आणि लगेच पुन्हा शिंकले.

मी तेव्हा नवा कारकून. खारीज म्हणजे पुसून टाकणं, अशी माझी समजूत. भाऊ उखडले. "अरे शहाण्या, खारीज म्हणजे बाहेर! बाहेर बसवलेल्याला पुन्हा आत बोलावता येतं. पुसलेल्याला कुठून हाक मारशील?" म्हणून जमिनीच्या वहीतलं कमी करायचं नाव ते तांबड्या शाईच्या एकाच बारीक रेघेने खोडत. खालचं सगळं वाचता यायचं.

एकदा साहेब तपासणीला येणार म्हणून आमचे वरिष्ठ, शिरस्तेदार, यांच्या अंगात टापटीप संचारली. खोडलेली नावं चाकूने खरवडून वह्या स्वच्छ करा, असा हुकूम सुटला. भाऊंनी त्या चाकूने आंबा कापायला घेतला.

"खारीज करीन, खरवडणार नाही."

"मग उद्या हजेरीवरून तुमचंच नाव खरवडतो!" शिरस्तेदार कडाडले.

भाऊंच्या घरी लग्नाच्या तीन मुली. आंब्याची फोड त्यांच्या हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं.

दुपारी दारात एक दाढीवाला उभा राहिला. "मी मेलो नाय वो, रावसाहेब! ह्यो बघा, उबा हाय!"

तो खाडीपलीकडच्या भाट्ये गावचा खलाशी. त्याचं गलबत बुडालं तेव्हा गावाने त्याचं बारावंही जेवून घेतलं आणि त्याची माडांची बाग चुलतभावाच्या नावावर चढली. हा मात्र एडनला हमाली करून धडधाकट परतला होता.

भाऊंनी वही उघडली. तांबड्या रेघेखाली त्याचं नाव, बापाचं नाव, बाग, सगळं लख्ख! शिरस्तेदारांनाच ते मोठ्याने वाचावं लागलं. भाऊंनी शेजारी शेरा लिहिला, 'मयत इसम समक्ष हजर. प्रकृती उत्तम.' खलाशाने आनंदाने भाऊंना उचलून गरकन फिरवलं आणि त्यांची टोपी दौतीवर पडली. आम्ही हसून हसून बेजार झालो. शेवटी शिरस्तेदारही हसले आणि हवेत रेघ ओढून म्हणाले, "चाकू खारीज!"

पुढे पाच-सहा वर्षांनी, नोकरीत असतानाच, भाऊ गेले. हजेरीवरचं त्यांचं नाव कमी करायचं होतं. शिरस्तेदारांनी टाक उचलला, खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"एकच रेघ ओढ. बारीक," ते म्हणाले. "वाचता आलं पाहिजे."