नऊ बाराची ओळ

बदलीचा कागद आला तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. सात वर्षं ईशान्येकडे काढून मी घरापासून एका दिवसाच्या अंतरावर येणार होतो. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि गावभर जुन्या पाट्या खरवडून नव्या राज्याचं नाव रंगवणं चाललं होतं. आमचं घर रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून आले आणि इथलेच झाले. माझं दल निमलष्करी, पण मोहल्ल्यात सगळे मला फौजीच म्हणत. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

मी कंपनीचा रेडिओ ऑपरेटर होतो. कॅम्प रायपूरच्या दक्षिणेला, नक्षली भागातल्या जंगलात. साडेपाचला पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघायचं. सेट पाठीवर, दर अर्ध्या तासाला कॅम्पवरच्या कंट्रोल रूमशी बोलणं. आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा परत वाचून दाखवायचा आणि वेळेसह लिहून ठेवायचा. पेट्रोलवर पेन्सिलीनं लिहीत, कारण घामानं शाई फुटते. कॅम्पवर परतलं की तेच शाईनं मुख्य लॉगबुकात उतरवायचं. याला आम्ही फेअर करणं म्हणायचो. ट्रेनिंगमधले उस्ताद सांगायचे, जे ऐकलं ते लिही, जे समजलं ते नको लिहू. मला हे काम आवडायचं. डोकं लागत नव्हतं.

आमचे सेक्शन कमांडर मेश्राम हवालदार गोंदियाकडचे. वय सेहेचाळीस, नाकासमोर चालणारा माणूस. कुठलीही ऑर्डर आली की मला दोनदा वाचायला लावत. आम्ही मागून त्यांना बहिरोबा म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

एका सकाळी आठ चाळीसला नाल्याजवळ एक माणूस आम्हाला पाहून पळाला. दोघांनी त्याला धरलं. पिशवीत मीठ, टॉर्चचे तीन सेल आणि तापाच्या गोळ्या होत्या. नाव बुधराम. काहून पळाला विचारलं तर म्हणाला, तुम्ही आलात म्हणून. नऊ पाचला मी कंट्रोलला रिपोर्ट दिला. सेटवर कंपनी कमांडर स्वतः आले. दोन महिने आमच्या कंपनीच्या हाती काही लागलं नव्हतं आणि वरून रोज विचारणा व्हायची.

साहेब म्हणाले, ‘‘उसको नाले के पार ले जाओ। बोलो भाग। भागे तो फायर करो। रिपोर्ट मुठभेड़ की जाएगी। ओव्हर।’’

मी सवयीनं सगळं परत वाचून दाखवलं. रेशनची मागणी वाचावी तसं. आवाजात काही फरक पडला नाही. पेन्सिलीनं लिहिलं, नऊ बारा. बुधराम चार पावलांवर उकिडवा बसला होता. त्याला हिंदी येत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

‘‘पुन्हा वाच,’’ हवालदार म्हणाले.

मी वाचलं.

‘‘सायबाले म्हण, नाव आन हुद्दा सांगून ऑर्डर द्या. लिवून घेतो म्हण.’’

मी तसं बोललो. दोन मिनिटांनी साहेबांचा आवाज आला, ‘‘ऑर्डर इज ऑर्डर। टाइम मत खराब करो।’’

मेश्रामांनी हँडसेट माझ्या हातातून घेतला. ‘‘सर, ये ऑर्डर गैरकानूनी है। मैं नहीं मानूँगा। आदमी को थाने ले जा रहा हूँ। आउट।’’

हँडसेट परत देऊन त्यांनी बुधरामला उठवलं. हवालदारांची बावीस वर्षांची नोकरी होती आणि दोन मुली शिकत होत्या. आम्ही चौदा किलोमीटर चाललो. ठाण्यात माणूस ताब्यात दिला आणि पोच घेतली. चौकशी होऊन तिसऱ्या दिवशी तो सुटला. त्याच्याविरुद्ध काहीच नव्हतं.

संध्याकाळी पाचला कॅम्पवर पोचलो. साहेबांनी आधी मला बोलावलं. ओरडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, ‘‘घर रायपुर में है ना? फेअर में नौ बारह वाली लाइन मत उतारना। पेन्सिल का क्या है।’’ मी येस सर म्हणालो. तंबूत येऊन पेन शाईनं भरलं आणि नऊ पाचच्या खाली थेट नऊ चाळीस लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. दुसऱ्या दिवशी न मागता दहा दिवसांची सुट्टी मिळाली. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. ते आजही मला सांगताना जड जातं.

मेश्रामांवर आरोप लागला. ठरल्या मार्गानं गस्त घालायचा कायदेशीर आदेश मोडला, पेट्रोल परस्पर दुसरीकडे नेलं. लॉगबुकात नऊ बाराची ऑर्डर नव्हतीच, तेव्हा त्यांनी नक्की काय नाकारलं, हे कागदावर कुठेच दिसत नव्हतं. नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. सेक्शनमधल्या बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. माझ्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, सेट तर याच्याकडे होता. चौकशी रायपूरला होती. नव्या राजधानीत आमच्या ऑफिसला अजून जागा नव्हती, म्हणून समता कॉलनीत एक भाड्याचं घर घेतलं होतं. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. मला साक्षीला बोलावलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मेश्राम आमच्या घरी आले, साध्या कपड्यांत. आईनं त्यांना गावाकडचं माणूस म्हणून जेवायलाच बसवलं.

‘‘हा पोट्टा सुट्टीवर आल्यापासून जेवूनच नाही रायला, भाऊ,’’ आई म्हणाली. ‘‘तुम्हीच विचारा याले काय झालं.’’

‘‘माँ, उनको पहले खाने तो दो,’’ बहीण आतून म्हणाली.

ते पोटभर जेवले. आई ताटं घेऊन आत गेल्यावर म्हणाले, ‘‘मी लॉग पायला. नऊ पाचनंतर एकदम नऊ चाळीस. पस्तीस मिनटं तू काय करून रायला होता?’’

‘‘साहेबांनी सांगितलं होतं,’’ मी म्हणालो.

‘‘मलेही सायबानंच सांगतलं होतं.’’

एवढंच. त्यांनी मागितलं काही नाही. चप्पल घातली, आईला नमस्कार केला आणि गेले. मला लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं.

पेन्सिलीची वही महिनाअखेर जाळायची असते. माझी ट्रंकेत तशीच होती, कारण मागच्या पानांवर आईनं सांगितलेली यादी होती. बहिणीच्या लग्नासाठी पंडरीच्या कापडबाजारातून आणायचं कापड. दोन शालू, सहा पातळं, आहेराच्या टोप्या. यादी उतरवून घ्यायचा कंटाळा केला आणि वही जाळायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी ती चौकशीच्या अध्यक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. साहेब समोरच बसले होते. मी तिकडे पाहिलं नाही.

‘‘ये लाइन फेअर में क्यों नहीं है?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘गाळायची ऑर्डर होती, सर.’’ घाबरलो की माझं हिंदी पळतं. पुन्हा हिंदीत सांगितलं.

‘‘किसकी?’’

मी नाव आणि हुद्दा सांगितला.

‘‘और तुमने मान ली?’’

‘‘मान ली, सर.’’

त्यांनी तेही लिहून घेतलं. पान उलटताना कापडाची यादी लागली, तीही त्यांनी वाचली. वही पुराव्यात जमा झाली. आईला यादी पुन्हा सांगावी लागली.

मेश्रामांवरचा आरोप मागे घेतला गेला. साहेबांची बदली झाली, पुढे त्यांचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. मला खोटा लॉग लिहिल्याबद्दल सात दिवस क्वार्टर गार्ड, म्हणजे कॅम्पातली कोठडी, मिळालं. ते बरोबरच होतं. बाहेर आलो तेव्हा मेश्राम दाराशी उभे होते. म्हणाले, ‘‘चाल, परेडला उशीर होऊन रायला.’’ त्यानंतर आमच्यात तो विषय कधीच निघाला नाही.

सात महिन्यांनी ते रोड ओपनिंगला, म्हणजे ताफ्याआधी रस्त्यावरचे सुरुंग तपासायला, गेले. त्या दिवशी मी कंट्रोलवर होतो. सकाळी सात वीसला संदेश आला. पुलाजवळ सुरुंग, एक ठार, हवालदार मेश्राम. मी सवयीनं सगळं परत वाचून दाखवलं. आवाजात काही फरक पडला नाही. पलीकडचा ऑपरेटर रडत होता. मी वेळ लिहिली. कंट्रोलवर थेट शाईनंच लिहितात. मग मुख्य लॉगबुक बंद करून दुसऱ्याला बसवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. हवालदार असते तर म्हणाले असते, पुन्हा वाच.

आता मी निवृत्त आहे. दरवर्षी शहीद दिनाला बटालियनमध्ये बोलावतात. दगडावर नावं कोरली आहेत, मेश्रामांचं तिसरं. त्यांच्या थोरल्या मुलीला मी तिथे भेटतो, ती आता शिक्षिका आहे. मागच्या वर्षी तिनं विचारलं, ‘‘काका, बाबांनी मोठं असं काय केलं होतं?’’ दगडावर सुरुंगाचा दिवस आणि वेळ आहे, तेवढंच तिला माहीत होतं. तिला मी तिथेच उभ्या उभ्या नऊ बाराची ओळ शब्दशः म्हणून दाखवली, नंतर मी ती गाळली होती हेही सांगितलं.

ती म्हणाली, ‘‘पुन्हा सांगा.’’

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज सरळ राहिला नाही.