आम्ही दोघींनी घडवलेली गाणारी

चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात माझी रूममेट भामरागडकडची होती. मी मूलजवळच्या धानाच्या गावची, ती माडिया आदिवासी घरातली. सुरुवातीला आमचं बोलणं साबण आणि बादलीपुरतंच होतं. ते वाढलं एका ऑनलाइन गेममुळे.

चार-पाच जणांची टोळी करून राक्षसांशी लढायचा तो खेळ मी लॅपटॉपवर खेळायचे आणि ती शेजारी बसून बघायची. एकदा तिनं विचारलं, तो मागं उभा राहून नुसता वाजवतो तो कोण? मी सांगितलं, त्याला बार्ड म्हणतात. तो स्वतः फारसा लढत नाही. त्याच्या गाण्यानं सोबत्यांच्या अंगात बळ येतं, जखमा लवकर भरतात. पण असलं मदतीचं पात्र कोणी घेत नाही, सगळ्यांना तलवार पाहिजे असते. ती म्हणाली, मग मी घेते.

कॉलेज संपेपर्यंत आम्ही तसंच खेळलो. मी तलवार घेऊन पुढं घुसायचे, ती मागं गायची. टोळीतले बाकीचे लोक कुठले होते कोण जाणे. आम्ही दोघी मुलगेच आहोत असं ते धरून चालायचे. जिंकलो की ते माझं कौतुक करायचे. तुम्ही जिवंत आहात ते गाण्यामुळे, असं मी एकदा लिहून पाठवणार होते, तर तिनं माझा हात धरला. राहू दे म्हणाली. तिला खरंच काही वाटत नसे. आपण सूर बदलला की पुढचा माणूस पडता पडता उभा राहतो, हे बघण्यातच तिची मजा होती.

पुढे मी पुण्याच्या एका लहान गेम कंपनीत लागले आणि काही वर्षांनी घरून काम करायची परवानगी मिळाल्यावर चंद्रपूरला परतले. ती भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गणित शिकवत होती. कंपनीनं नवा गेम काढायला घेतला आणि त्यातला बार्ड ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी पहिला फोन तिलाच केला.

शाळेमागं एक उंचवटा आहे, तिथंच नेट येतं. रविवारी ती तिथं जाऊन बसायची आणि आम्ही बोलायचो. पहिली कल्पना तिचीच. बहुतेक खेळांत गाणारा थांबला की गाण्याचा असर तिथंच तुटतो. ती म्हणाली, आमच्याकडं लग्नात ढोल थांबला तरी पाय लगेच थांबत नाहीत. म्हणून आमच्या गाणारीचं गाणं थांबल्यावरही जरा वेळ मागं उरायचं. तेवढ्यात तिनं पळत जाऊन पडलेल्याला उठवायचं आणि असर विरायच्या आत पुन्हा सूर धरायचा. दुसरी गोष्ट, गाण्याचा जोर तिच्या एकटीचा नसायचा. टोळी जितकी जवळ राहील तितका तो वाढायचा, आणि लोक पांगले की उतरायचा. मी हे दोन्ही बसवलं. करून पाहिलं तेव्हा दोघी हसतच सुटलो, इतकं ते जमलं होतं.

बदल्यात तिनं एकच मागितलं. आमचा ढोल, आमचे कपडे, काही नको.

"गाण्यानं काय होते, तेवढं टाक त्याच्यात," ती म्हणाली. "आमचं गाणं नोको टाकू."

मी कबूल केलं, आणि तिचं गाव, तिची माणसं यांचा कंपनीत कुठंच उल्लेख केला नाही.

खेळाची चाचणी नेमकी पावसाळ्यात ठरली. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती, कारण ती गाणारी कशी खेळायची हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पण त्या वर्षी पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं, मागोमाग वीज गेली, टॉवर बंद पडला. कितीतरी दिवस तिचा फोन लागत नव्हता. तिकडे पुण्यात चाचणीला बसवलेली मुलं खेळत होती आणि कंटाळत होती. प्रत्येक लढाईनंतर कोणी किती मारलं याची नावं पडद्यावर यायची आणि गाणारी कायम तळाला असायची. मी म्हटलं, कोणी किती वाचवलं तेही दाखवू या. आमच्या दोघींच्या जुन्या खेळाचे व्हिडिओ दाखवले. आमच्या प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की लोक मारायला येतात.

ठरलं ते असं: गाणारी आता ढोल वाजवून शत्रूला धक्का देणार. मागं उरणारं गाणं काढलं, नव्या लोकांना ते कळत नाही म्हणून. गेममध्ये जंगलाचा एक मुलूख होता, तर चित्रकारांनी तिला तिथलीच केली. डोक्यावर पिसं, गळ्यात हाडं. मी हरकत घेतली. हे काल्पनिक आहे, कोणाचंच नाही, असं उत्तर आलं.

पाणी उतरल्यावर तिचा फोन आला. मी जे झालं ते सांगितलं. तरी तिनं गेम उतरवून घेतला, एक लढाई खेळली आणि परत फोन केला.

"हे पिसं काऊन लावले?"

मी म्हणाले, मी नाही सांगितलं त्यांना, त्यांनी आपल्या मनानं केलं. ती म्हणाली, "बाकी चांगलंच आहे. पण आता हिले सोबत्यांची गरजच नाई राह्यली."

एवढं बोलून ती मुलींच्या अभ्यासाला गेली. माझं तिला खरं वाटलं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

गेम बरा चालला. ती ढोलवाली तर लोकांना फार आवडली, आणि त्याबद्दल कंपनीत माझं कौतुकही झालं. मी अजून तिथंच काम करते.

मागच्या हिवाळ्यात ती प्रशिक्षणासाठी चंद्रपूरला आली तेव्हा घरी जेवायला आली. आईनं कोथिंबिरीची सांबारवडी केली होती. जेवताना ती सहज सांगत होती की शाळेतल्या मोठ्या मुलींपैकी एकीनं घरच्यांच्या फोनवर तो गेम पाहिला आणि विचारलं, बाई, ही आपल्यातली आहे का?

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"नाई म्हटलं," ती म्हणाली, आणि आईला आणखी एक वडी मागितली.

बस स्टँडवर मी तिला पुन्हा सोबत खेळशील का म्हणून विचारलं, आपला जुनाच गेम. तो तर केव्हाच बंद झाला, ती म्हणाली. मला ते ठाऊकच नव्हतं. मी खेळणं कधी सोडलं, तेही आठवेना. तिनं मात्र शेवटपर्यंत अधूनमधून तिथं जाऊन पाहिलं होतं. बस लागली, तिनं पिशवी उचलली आणि घरी पोचल्यावर फोन करते म्हणाली. केलाही. आम्ही तिच्या बदलीबद्दल, माझ्या बाबांच्या गुडघ्याबद्दल बोललो.