सासऱ्यांच्या हातावर पाणी

ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये माझे सासरे आमच्याकडे परदेशात पार्सिपनीला होते आणि माझ्या नवऱ्याशी तीन आठवडे बोलत नव्हते. त्यांना लवकर नागपूरला परतायचं होतं. नवरा म्हणाला, तिकीट बदलता येत नाही, आणि तिथे तुमचं काय अडलंय? त्या दुसऱ्या वाक्यानंतर बोलणं बंद झालं. निरोप माझ्यामार्फत जात.

माझ्या हॉस्पिटलातली एक थाई नर्स भातशेतीच्या खेड्यातून आलेली. तिने त्यांच्या नववर्षाच्या सणाला आम्हाला त्यांच्या देवळात बोलावलं. देऊळ म्हणजे भाड्याचं दुमजली घर. मागच्या अंगणात वाळूचे उंच ढीग करून त्यांवर कागदी झेंडे खोचले होते. तिच्या गावात ही वाळू नदीवरून आणतात; इथे ती पोत्यांतून विकत आणली होती. थंडी इतकी, की पोरं कोट घालून एकमेकांवर पाणी उडवत होती.

नर्सने सासऱ्यांचा हात धरून त्यांना म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. धाकट्यांनी थोरांच्या तळहातांवर पाणी घालायचं, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची आणि आशीर्वाद घ्यायचा, असं तिने समजावलं. सासरे निवृत्त हेडमास्तर. ते लगेच ताठ बसले आणि येईल त्याला खणखणीत आवाजात ‘आयुष्मान भव’ म्हणू लागले. कुणाला अर्थ कळत नव्हता. सगळे वाकून नमस्कार करत आणि पुढे सरकत.

नर्सने माझ्या नवऱ्याच्याही हातात पाण्याची वाटी दिली. त्यात कार्नेशनच्या पाकळ्या तरंगत होत्या. त्याचा नंबर आला. त्याने मान खाली घालून पाणी घातलं. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते.

“बाबा, मी तसं बोलायला नको होतं.”

“पाणी बाहीत जातंय,” सासरे म्हणाले. मग ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. हात जरा जास्त वेळ राहिला. मागची बाई थांबून होती.

परतताना गाडीत सासऱ्यांनी त्याला थेट सांगितलं, की हायवेवरून उतरायची एक्झिट चुकलीय. खरंच चुकली होती.

सोमवारी नवऱ्याने एअरलाइनला फोन केला. तिकीट बदलता येत होतं. सासरे मे महिन्यात परतले, नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात. एअरपोर्टवरून आल्यावर नवऱ्याने त्यांची खोली आवरायला घेतली आणि अर्धवट सोडून दिली.